आळंदीत कीर्तनकार कसे घडतात, त्यामागची गोष्ट

धर्म शिकवायचा कसा, हा विषय निघाला की लोक एकदम मोठमोठ्या सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या शाळा, आणि विद्यापीठांची नावं घेतात, पण आपल्याकडे आळंदीला शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ हेच काम चालू आहे आणि तिथली शिकवायची पद्धत नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं मागे जाऊ. वारकरी संप्रदायात पूर्वी कीर्तन शिकायचं म्हणजे कुठल्या तरी फडात, म्हणजे एखाद्या महाराजांच्या परंपरेतल्या वारकऱ्यांच्या गटात, जायचं, वारीत चालायचं, टाळ घेऊन वर्षानुवर्षं महाराजांच्या मागे उभं राहायचं आणि ऐकून ऐकून तयार व्हायचं. शाळा अशी नव्हतीच. ज्याच्या घरात परंपरा होती किंवा ज्याला चांगला गुरू भेटला तो शिकला, बाकीच्यांचं काय? खेड्यातल्या एखाद्या पोराला ज्ञानेश्वरी अर्थासकट शिकायची म्हटलं तर कुठे जाणार तो?

विष्णुबुवा जोग महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. मूळचे पुण्याचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले पहिलवान, आजन्म ब्रह्मचारी. 1917 साली त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि 1920 मध्ये ते गेले, म्हणजे संस्थेला त्यांचा सहवास जेमतेम तीन वर्षं मिळाला, पण घडी अशी बसवून गेले की पुढे बंकटस्वामी, मामासाहेब दांडेकर अशा त्यांच्या शिष्यमंडळींनी ती मोडू दिली नाही. अभ्यासक्रम चार वर्षांचा, फी नाही, आणि पोरं गावात माधुकरी मागून जेवायची. मला वाटतं माधुकरी हाही शिक्षणाचाच भाग होता, ज्या लोकांपुढे उद्या कीर्तन करायचं त्यांच्याच दारात आज झोळी घेऊन उभं राहायचं, त्याने अहंकार आपोआप खाली येतो.

आता शिकवायची पद्धत. पहिलं काम पाठांतर. हरिपाठ, मग गाथ्यातले अभंग, ज्ञानेश्वरीच्या ओव्या, गीता. गुरुजी म्हणणार, पोरांनी मागून म्हणायचं आणि नंतर एकेकाने पाठ म्हणून दाखवायचं. याला कुणी घोकंपट्टी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण कीर्तनात पाठांतराचं काम काय असतं ते बघायला हवं. महाराज निरूपण करता करता एक मुद्दा मांडतात आणि त्याला आधार म्हणून प्रमाण देतात, म्हणजे संतांचा एखादा चरण, तो अर्धा उच्चारला की मागचे टाळकरी लगेच उचलून धरतात, पखवाज वाजतो, चाल लागते. त्या क्षणी पुस्तक उघडायला वेळ कुणाला आहे? जे पाठ आहे तेच कामाला येतं. आणि नुसतं महाराजांना येऊन भागत नाही, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना यावं लागतं.

अर्थ त्याच्या मागून येतो. विचारसागर, पंचदशी असे वेदान्ताचे ग्रंथ शिकवतात, म्हणजे ओवीत जे पाठ केलं त्याच्या मागचा विचार कळतो. जोडीला गायन आणि पखवाज. आणि मग पोराला उभं करायचं, बोल म्हणायचं. चुकलं तर तिथल्या तिथे सांगणारे जाणते लोक समोर बसलेले असतात. करून शिकायचं म्हणतात ना, ते हेच.

मामासाहेब दांडेकरांचं मला फार अप्रूप वाटतं. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या एसपी कॉलेजचे प्रिन्सिपल आणि त्याच वेळी पक्के वारकरी. कॉलेजमध्ये पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस प्रवचनाला बसला की ज्ञानेश्वरी साध्या मराठीत सोडवून सांगायचा. पाठांतर आणि प्रश्न विचारणारी बुद्धी एका माणसात नांदू शकतात हे त्यांच्याकडे बघून पटतं.

कमी कुठे पडतं तेही बोललं पाहिजे. पोराने शंका विचारली की तिला पुरेसा वेळ देणारा गुरू सगळीकडे असतोच असं नाही. मुलींना ही दारं फार उशिरा उघडली. आणि आता आळंदीत खाजगी निवासी संस्था खूप झाल्यात, त्यातल्या काहींबद्दल मुलांच्या सुरक्षिततेच्या गंभीर तक्रारी आल्या आणि प्रशासनाला लक्ष घालावं लागलं. लहान लेकरं घर सोडून तिथे राहतात, त्यामुळे कोण शिकवतंय, कुठे झोपवतात, रात्री लक्ष कोण ठेवतं, हे आईबापाने आत जाऊन बघितलंच पाहिजे, मग संस्थेचं नाव कितीही मोठं असो.