पाण्याने पेटणारी पणती आणि गिळलेला सेल

दिवाळीच्या आठवडाभर आधी वहिनीने गाडीवरून पाण्याने पेटणाऱ्या सहा पणत्या आणल्या. प्लॅस्टिकची छोटीशी पणती. तिच्यात चमचाभर पाणी ओतलं की ज्योतीच्या जागी पिवळा दिवा लागतो आणि पाणी सांडलं की विझतो. दोन वर्षांचा भाचा त्या पणतीसमोरून हलेना. पाणी ओत, सांड, पुन्हा ओत. शेजारच्या काकांनी तर "पाण्यापासून वीज होते" असं सगळ्यांना समजावूनही टाकलं. पाण्यापासून वीज होत नव्हती. मी एक पणती उलटी केली, तळाच्या चकतीला नख लावलं, चकती निघाली आणि आतून रुपयाच्या नाण्याएवढा एक चकचकीत सेल तळहातावर पडला. स्क्रू नाही, घट्ट बसणारा खटका नाही. माझ्या नखाला जे पहिल्या झटक्यात जमलं, ते भाच्याला भाऊबीजेपर्यंत नक्की जमलं असतं.

खेळणी घेताना काय बघावं याबद्दल बरंच लिहिलं जातं. रंग निघतो का, कडा टोकदार आहेत का, डोळे-बटणं उपटून येतात का. ते सगळं बघायलाच हवं. पण मला आज या एका सेलबद्दल लिहायचंय. दहावीच्या पुस्तकातला विद्युत अपघटनाचा, म्हणजे विजेने पाणी फोडण्याचा, धडा लहान मुलाच्या घशात जसाच्या तसा घडतो, आणि त्याबद्दल आपल्या घराघरात एक पक्का गैरसमज आहे.

गैरसमज असा: सेल गिळला तर भीती फक्त तो फुटण्याची, आतलं ॲसिड बाहेर येण्याची. फुटला नाही तर नाण्यासारखा शीतून पडेल, तोवर केळं भरवा. नाण्याच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं ठरतं, म्हणून आजीचा अनुभवही तसाच असतो. सेलच्या बाबतीत मात्र तो फुटावाच लागत नाही. बाहेरून अगदी धड असलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळतो.

आता पुन्हा पणतीकडे या. तिच्यात धातूच्या दोन टिकल्या असतात आणि त्या आतल्या सेलच्या परिपथाला, म्हणजे वीज फिरण्याच्या वाटेला, जोडलेल्या असतात. कोरडी असताना परिपथ तुटलेला. पाणी पडलं की पाण्यातले क्षार वीज वाहून नेतात, परिपथ जुळतो आणि दिवा लागतो. आता टिकल्यांच्या जागी सेलची स्वतःचीच दोन टोकं आहेत अशी कल्पना करा. सेलची मोठी वाटी, जिच्यावर अधिकचं चिन्ह असतं, ती धन टोक. तिच्यात बसवलेली किंचित लहान चकती ऋण टोक. दोघांच्या मध्ये काठाशी प्लॅस्टिकची एक बारीक कडी, फार तर मिलिमीटरभराची. अन्ननलिकेची ओली भिंत सेलला दोन्ही बाजूंनी चिकटली की ती कडी ओलांडून वीज वाहू लागते. पणतीत पाण्याने दिवा लागतो, इथे दिवा नाही. इथे सेलची सगळी ताकद त्या ओल्या भिंतीतच खर्च होते.

पाण्याचं अपघटन व्हायला कमीत कमी १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे जेमतेम. आपला नाण्यासारखा सेल लिथिअमचा आणि ३ व्होल्टचा. त्याच्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. हा निव्वळ अनुक्रमांक नाही, ते त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. लिथिअमच्या ३ व्होल्टना पाणी फोडणं अगदी सोपं जातं. ऋण टोकापाशी पाण्याचे दोन रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतात, हायड्रोजनचा एक रेणू बुडबुडा होऊन निघून जातो आणि हायड्रॉक्साइडचे दोन आयन मागे राहतात. थुंकीत सोडिअम असतंच. सोडिअम आणि हायड्रॉक्साइड एकत्र म्हणजे कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी साफ करायला वापरतात तोच. तो सेलमधून गळत नाही. तो मुलाच्या स्वतःच्या थुंकीतून तिथल्या तिथे तयार होतो.

किती तयार होतो? समजा १० मिलिअँपिअर वीज एक तास वाहिली. म्हणजे ३६ कूलोम विद्युतप्रभार. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम. भागाकार केला की ०.३७ मिलिमोल हायड्रॉक्साइड, म्हणजे साधारण १५ मिलिग्रॅम कॉस्टिक सोडा. आकडा छोटा वाटतो. पण तो पसरतो कुठे, तर सेल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. तिथे समजा एक मिलिलिटर ओल असेल तर सामू (पीएच) साडेतेराच्या वर जातो. लाळेने थोडं धुतलं जातं, शरीर थोडं उदासीन करतं, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी भरेल. पण दुसऱ्या बाजूला, अशा सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. पुरता रिकामा होईपर्यंत तो तत्त्वतः सव्वातीनशे मिलिग्रॅम कॉस्टिक सोडा बनवू शकतो.

हे गणित डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, प्रयोग बघा. मी चिकनचा बोनलेस तुकडा आडवा चिरून दोन चपट्या चकत्या केल्या, त्यांना हळद आणि मीठ चोळलं आणि मधे नवा सेल ठेवून वरून हलकं दाबलं. मिनिटभरात काठाला बारीक फेस आला. कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. वीस मिनिटांनी वरची चकती उचलली. धन टोकाकडची हळद पिवळीच होती, फक्त एका जागी गंजासारखा डाग. ऋण टोकाकडे मात्र लालभडक वर्तुळ, काठाशी सर्वांत गडद. साबण लागला की कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हळद अल्काने, म्हणजे साबण-कॉस्टिक सोड्यासारख्या ॲसिडच्या उलट गुणाच्या पदार्थाने, लाल होते. बोट लावून पाहिलं (हातमोजा घालून) तर मांस बुळबुळीत झालं होतं, ओल्या साबणासारखं. दोन तासांनी ते वर्तुळ काळं पडलं होतं आणि मधे खळगा. ज्यांच्या घरात मांस चालत नाही त्यांनी ओल्या कागदावर हळद-मीठ लावून करावं, लाल वर्तुळ तसंच उमटतं. करताना लहान मुलं दुसऱ्या खोलीत हवीत, आणि सेल मोजून परत ठेवावा.

तो बुळबुळीतपणा फार महत्त्वाचा आहे. ॲसिड आणि अल्क दोन्ही जाळतात, पण वेगळ्या रीतीने. दुधात लिंबू पिळलं की प्रथिनं गोठतात आणि चोथा होतो. ॲसिडने जळलेल्या जागीही असाच गोठलेला थर तयार होतो आणि तो ॲसिडला आणखी आत जायला काहीसा अडवतो. अल्काने असा थर होत नाही. पेशींच्या आवरणात चरबी असते. कॉस्टिक सोडा आणि तेल यांचा साबण होतो तसा त्या चरबीचाही साबण होतो, प्रथिनं विरघळतात, आणि अल्क आत आत शिरत राहतो. म्हणून सेल काढून टाकल्यावरही जखम खोल जात राहू शकते. काही मुलांना काही आठवड्यांनी अचानक रक्तस्राव झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

खोल म्हणजे कुठे? लहान मुलाची अन्ननलिका वरच्या टोकाला, गळपट्टीच्या हाडांच्या पातळीवर सर्वांत अरुंद असते. २० मिलिमीटरचा सेल बहुधा तिथेच अडकतो. तिच्या पुढे श्वासनलिका, मागे मणका, थोडं खाली महाधमनी. सेलचं ऋण टोक ज्या बाजूला, त्या बाजूला छिद्र पडण्याची भीती. म्हणून डॉक्टर एक्स-रे दोन बाजूंनी काढतात. समोरून नाण्याला एकच कड दिसते, सेलला आत आणखी एक वर्तुळ दिसतं, वाटी आणि चकती यांच्यामधल्या त्या कडीमुळे. बाजूने पाहिलं की सेलला पायरी दिसते, आणि पायरीची अरुंद बाजू म्हणजे ऋण टोक. पुढे दुर्बिणीने सेल काढताना कुठली भिंत तपासायची ते त्या एका पायरीवरून कळतं. मला या एक्स-रेचं फार कौतुक वाटतं.

या दोन तासांत घरात काय चालतं, ते मला काळजीचं वाटतं. बहुतेक वेळा सेल गिळताना कुणी पाहिलेलंच नसतं. मूल जेवत नाही, लाळ गळते, खोकतं, किरकिरतं, अंग थोडं गरम लागतं. दात येत असतील, सर्दी असेल. मग कुणीतरी म्हणतं दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळा. ओवाळण्यात पाचच मिनिटं जातात, प्रश्न तो नाही. ओवाळल्यावर "आता उतरेल" म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघितली जाते, त्यात ते दोन तास जातात. घरातला एखादा सेल जागेवर नसेल, रिमोटचं झाकण उघडं असेल, तर एवढा संशयही एक्स-रेसाठी पुरेसा आहे. उलटी करायला लावू नका, केळं-भात भरवू नका. थेट एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा.

अपवाद फक्त मधाचा. २०१८ साली अमेरिकेत डुकराच्या पिलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध आणि सुक्राल्फेट या औषधाने जखम कमी झालेली दिसली. मध दाट असतो, सेलभोवती थर धरतो, आणि तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे तयार होणारा अल्क थोडा मारतो. म्हणून आता सल्ला असा दिला जातो: मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. तोही रुग्णालयाच्या वाटेवर, मधासाठी थांबून नव्हे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, मग ते सेलसाठी असो की बारशाच्या बोटावरचं. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. नवजात बाळाला मध चाटवण्याची आपली पद्धत कितीही जुनी असली तरी ती सोडायला हवी. आणि सेल नाकात किंवा कानात घातला असेल तर थेंब घालू नका, थेंबांनी परिपथ आणखी चांगला जुळतो.

आता कायद्याकडे. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे. चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं. दुकानात उभं राहून मिनिटभरात होतं. पाकिटावरच्या "नॉन-टॉक्सिक" आणि "इको-फ्रेंडली" या शब्दांना मी तेवढी किंमत देत नाही, त्यामागे क्रमांक नसतो.

विजेच्या खेळण्यात अशा नाण्यासारख्या सेलचं (बटण सेलचं) झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, हा नियमच आहे. म्हणून चांगल्या खेळण्याच्या पोटाला स्क्रू असतो. पण वहिनीने आणलेली पणती हे खेळणं नाही. लाईटची राखी खेळणं नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, थर्मामीटर, गाडीची चावी, गाणं वाजवणारं वाढदिवसाचं कार्ड, पंख्याचा रिमोट, यातलं काहीच खेळणं नाही. मुलाला मात्र त्यातलं सगळंच खेळणं वाटतं. अमेरिकेत दीड वर्षाची एक मुलगी अशा सेलमुळे दगावली. त्यानंतर २०२२ साली तिच्या नावाने कायदा झाला आणि घरातल्या सगळ्याच वस्तूंमध्ये सेलचा कप्पा मुलांना उघडता न येणारा असावा, अशी अट आली. आपल्याकडेही अशीच अट राख्या आणि पणत्यांनाही लागायला हवी, असं माझं ठाम मत आहे. काही कंपन्या सेलवर अतिशय कडू लेप देतात, तेही चांगलंच, पण मूल गिळायच्या आधी चाटतं असं नाही.

ताकदवान चुंबकाचे छोटे गोळे आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी हेही याच रांगेत बसतात. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटून मरते. फुगणारे मणी आतड्यातही फुगतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. लहान मूल असलेल्या घरात या दोन्ही वस्तू नकोतच.

त्या सहा पणत्यांचे सेल मी काढले आणि घरात यंदा तेलाच्या पणत्या लागल्या, उंचावर. मग सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातला "संपलेला" सेल बाहेर काढला. काटा त्याच्यावर चालत नव्हता. मल्टिमीटर लावला तर २.६ व्होल्ट दाखवले. पाणी फोडायला १.२३ पुरतात. तोच सेल हळदीच्या ओल्या कागदावर ठेवला. अर्ध्या तासात त्याच्याखाली लाल वर्तुळ उमटलं, नव्या सेलपेक्षा थोडं फिकं. आता आमच्याकडे काढलेल्या प्रत्येक सेलला आधी दोन्ही बाजूंनी आणि काठावरून चिकटपट्टी गुंडाळली जाते, परिपथ जुळूच नये म्हणून, आणि मगच तो वरच्या फळीवरच्या झाकणाच्या बरणीत जातो.