हार्पून चालेल, गरम कोंबडी चालणार नाही

अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नासाठी सरकारकडून दरमहा पैसे मिळतात. त्या पैशांतून काय घेता येतं, हे केंद्रीय नियमांत लिहिलेलं आहे. दुकानात भाजून गरमागरम ठेवलेली कोंबडी एरवी त्यात बसत नाही. हार्पून, म्हणजे मासे मारायचा भाला, मात्र बसतो! जाळी, गळ, मासेमारीची दोरी, काठी, सुरीसुद्धा बसते. अर्थात ही सवलत सरसकट नाही. अलास्काच्या ज्या भागांत दुकान गाठणंच अत्यंत अवघड आहे आणि माणसं शिकार-मासेमारीवर जगतात, तिथल्या पात्र कुटुंबांपुरतीच ती आहे. बंदूक, काडतुसं, कपडे आणि वाहतुकीची साधनं त्यातूनही वगळलेली आहेत.

नियम लिहिणाऱ्याला इथे एक गोष्ट कळली होती: दुकानच नसेल तर दुकानात खर्चायचे पैसे देऊन भागत नाही. पण मग द्यायचे किती? वॉशिंग्टनमध्ये बसून, पाच-सहा हजार किलोमीटर दूरच्या, रस्ता नसलेल्या गावातल्या कुटुंबाला महिन्याला किती डॉलर लागतील, हे ठरवायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर एका छोट्याशा सूत्रात आहे. सूत्र हुशार आहे, पण त्यात एक आकडा असा आहे की तो पाहिला की मला थांबावंसं वाटतं.

या योजनेचं आजचं नाव स्नॅप. 1964 च्या कायद्यापासून ती 'फूड स्टँप' म्हणून ओळखली जायची. 2008 मध्ये नाव बदललं. कुपनं जाऊन कार्ड आलं होतंच. हिशेब मात्र सरळ आहे. कुटुंबात माणसं किती, त्यावरून एक कमाल रक्कम ठरते. कुटुंबाच्या निव्वळ उत्पन्नाचा 30 टक्के भाग त्यातून वजा होतो आणि उरेल ते कार्डावर जमा होतं. 30 टक्क्यांमागचं गृहीतक असं, की हातात उरलेल्या पैशांतला एवढा वाटा घर स्वतःहून अन्नावर खर्च करेल. 'निव्वळ' म्हणजे पगारातून 20 टक्के वजावट, मग एक ठरावीक वजावट, मुलांना सांभाळायला ठेवण्याचा खर्च, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या औषधपाण्याचा खर्च आणि घरभाडं-इंधनाचा जास्तीचा बोजा बाजूला काढून जे उरतं ते.

आता कमाल रक्कम. तिच्यामागे एक खरीखुरी आहारयोजना आहे: थ्रिफ्टी फूड प्लॅन, म्हणजे काटकसरीचा आहार. 20 ते 50 वयाचे एक पुरुष आणि एक स्त्री, 6 ते 8 वर्षांचं एक मूल आणि 9 ते 11 वर्षांचं दुसरं, असं चौघांचं नमुन्यादाखल कुटुंब धरून तिची किंमत काढतात.

कमीत कमी पैशांत पुरेसं पोषण कसं मिळवायचं, हा गणितातला एक नावाजलेला प्रश्न आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये 77 खाद्यपदार्थ आणि 9 पोषक घटक घेऊन तो मांडला. त्या काळी असं कोडं नेमकं सोडवण्याची पद्धतच नव्हती. त्यांनी अंदाजानं, खटपट करत उत्तर काढलं: 1939 च्या भावानं एका माणसाला वर्षाला 39.93 डॉलर. जेवण काय, तर गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. वर्षभर. दोनच वर्षांनी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांची, अशी कोडी नेमकी सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत आली आणि तिच्या चाचणीसाठी हेच कोडं निवडलं गेलं. नऊ कारकून हातानं चालवायची गणनयंत्रं घेऊन बसले आणि 120 मनुष्यदिवस खर्ची पडले. उत्तर आलं 39.69 डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज फक्त 24 सेंटांनी चुकला होता.

गणित अचूक, पण असलं जेवण कोण जेवणार? म्हणून काटकसरीच्या आहाराचं गणित जरा वेगळं आहे. लोक प्रत्यक्षात जे खातात त्यापासून शक्य तितकं कमी दूर जायचं, पोषणाच्या अटी पाळायच्या आणि खर्च मर्यादेत ठेवायचा, असा तिहेरी तोल त्यात साधतात. ही योजना 1975 ची. पुढची कित्येक दशकं नव्यानं आकडेमोड झाली तरी महागाई वगळता किंमत तेवढीच ठेवायची, असा दंडक होता. 2021 मध्ये तो पहिल्यांदा सोडला आणि किंमत एकदम 21 टक्क्यांनी वाढली.

इथपर्यंत सगळं सलग भूभागावरच्या 48 राज्यांचं. अलास्काची तऱ्हा निराळी. तिथली बहुतेक गावं रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेलीच नाहीत. उत्तर टोकाच्या उट्कियाग्विक गावाला बाहेरून मोटारनं जाता येत नाही. विमानानं जायचं, किंवा समुद्राचा बर्फ फुटला की जहाजाची वाट बघायची. अशा गावांचा किराणा बऱ्याचदा चक्क टपालानं येतो. निदान हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे किलो माल फळ्यांवर रचून, टपाल कचेरीत न नेता थेट विमान कंपनीच्या ताब्यात द्यायचा आणि दर पार्सलचा भरायचा, अशी ही खास अलास्कापुरती सोय आहे. विमानभाड्यातला फरक टपाल खातं सोसतं. म्हणजे अंतराचा भार आधीच थोडा हलका केलेला असतो. तरीही दुकानातल्या फळीवरचा भाव डोळे पांढरे करतो.

त्यामुळे अन्नसाहाय्यासाठी अलास्काचे तीन भाग पाडले आहेत: शहरी, ग्रामीण 1 आणि ग्रामीण 2. पाया अँकरेज शहरातल्या भावाचा. शहरी भागाची टोपली, म्हणजे काटकसरीच्या आहाराचा माल, अँकरेजपेक्षा 0.79 टक्के महाग धरायची, ग्रामीण 1 ची 28.52 टक्के आणि ग्रामीण 2 ची 56.42 टक्के. ऑक्टोबर 2025 पासूनच्या वर्षात चौघांच्या कुटुंबाची कमाल रक्कम 48 राज्यांत 994 डॉलर आहे. अलास्कात शहरी भागात 1,285, ग्रामीण 1 मध्ये 1,639 आणि ग्रामीण 2 मध्ये 1,995.

मी थांबतो तो 56.42 पाशी. दशांशचिन्हानंतर दोन आकडे! जणू कोणी दरवर्षी तराजू घेऊन गावोगाव फिरतंय. प्रत्यक्षात ही टक्केवारी नियमातच लिहून ठेवलेली आहे आणि शेजारीच 1 ऑक्टोबर 1985 ही तारीख आहे: त्या दिवशीच्या रकमेपेक्षा खाली जायचं नाही, म्हणून. अँकरेजचे भाव मोजत राहायचे आणि दूरचे भाव गुणाकारानं काढायचे. अँकरेज वाढलं की गाव त्याच प्रमाणात वाढलं, असं मानायचं. विमानाचं इंधन दुप्पट महागलं पण अँकरेजच्या बंदरात उतरणारा माल फारसा महागला नाही, तर तो फरक या गुणकाला दिसणार नाही. आणि ग्रामीण 2 मधलं प्रत्येक गाव एकाच आकड्यात बसवायचं, मग त्याच्या धावपट्टीवर रोज विमान उतरो की हवा नीट असेल तेव्हाच.

तरी सूत्राला दोष देण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. समजा, चौघांच्या एका कुटुंबाचं सगळ्या वजावटींनंतरचं निव्वळ उत्पन्न महिना 1,000 डॉलर आहे. त्याचे 30 टक्के म्हणजे 300. शहरी अलास्कात कार्डावर येतील 985, ग्रामीण 2 मध्ये 1,695. टोपली सुमारे 55 टक्क्यांनी महाग आणि मदत 72 टक्क्यांनी जास्त! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपलीच बेरीज-वजाबाकी चुकली. चुकली नव्हती. कुटुंबाचा वाटा दोन्हीकडे 300 च राहतो. अंतरामुळे वाढलेला सगळा खर्च सरकार उचलतं. दूर राहण्याचा दंड कुटुंबाला बसू नये, हे या वजाबाकीतून आपोआप साधतं.

पण हीच वजाबाकी उलटही फिरते. समजा, एखाद्या गावात तीच टोपली शहरी भागाच्या दुप्पट पडते. (आकडा उदाहरणापुरता घेतलाय.) म्हणजे 2,570 डॉलर. कमाल रक्कम 1,995 वर अडकलेली. मधले 575 कोणाचे? सगळेच्या सगळे कुटुंबाचे. आधीचे 300 धरून 875. हातात होते 1,000. गुणकात थोडीशी चूक झाली तर ती सरकार आणि कुटुंबात वाटली जात नाही, पूर्णपणे घरावरच पडते. ज्यांचं निव्वळ उत्पन्न शून्य आहे त्यांना तर 575 कुठून आणायचे हाच प्रश्न. सरासरी बरोबर असली तरी सरासरीच्या वरच्या बाजूला राहणारी गावं दर महिन्याला तुटीतच असतात, आणि खालच्या बाजूच्या गावांना मिळालेले जास्तीचे डॉलर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आणखी एक जागा आहे जिथे अंतर अर्धवटच मोजलंय. मदतीला पात्र कोण, हे दारिद्र्यरेषेवरून ठरतं. अलास्काची रेषा 48 राज्यांपेक्षा सुमारे 25 टक्के वर आहे. 2025 मध्ये चौघांसाठी वर्षाला 40,190 डॉलर. ही रेषा सगळ्या राज्याला एकच. तीन भाग फक्त टोपलीला, रेषेला नाहीत. केंद्रीय नियमानं निव्वळ उत्पन्न या रेषेच्या आत हवं, म्हणजे महिन्याला साधारण 3,350. नेमक्या या काठावर उभ्या असलेल्या कुटुंबाचे 30 टक्के होतात 1,005. शहरी भागात त्याला 280 डॉलर मिळतील, ग्रामीण 2 मध्ये 990. आता पगार थोडा वाढून निव्वळ उत्पन्न रेषेच्या एक डॉलर वर गेलं, तर शहरात 280 जातात आणि दूरच्या गावात 990. जिथे पाय घसरला तर सगळ्यात जास्त लागणार, तिथेच कडा सगळ्यात उंच. राज्यांना ही मर्यादा सैल करायची मुभा आहे आणि अनेकांनी ती वापरली आहे. त्यानं कडा दूर सरकते.

इंधनाचंही तसंच. घरभाडं आणि घर गरम ठेवण्याचा खर्च उरलेल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त झाला, तर वरचा भाग वजा करता येतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे. अलास्कात ती जास्त आहे खरी, तरी राज्यभर एकच. घरात म्हातारं किंवा अपंग माणूस असेल तरच ती उठते. बाकीच्यांनी मर्यादेपलीकडे जाळलेलं तेल सूत्राच्या दृष्टीनं जळालेलंच नाही.

अर्ज करण्याआधी आपल्याला साधारण किती मिळतील, याचा अंदाज कोणालाही काढता येतो. कुटुंबातली माणसं, गाव कोणत्या भागात येतं आणि निव्वळ उत्पन्न, एवढं पुरतं. यातली वजावटींची पायरी फसवी आहे; ती विसरून थेट पगाराचे 30 टक्के कापले, तर उत्तर फार कमी येतं. चुका सरकारी बाजूनंही होतात. जास्त किंवा कमी दिलेल्या रकमांचं एकूण प्रमाण 2024 या आर्थिक वर्षात देशभरात 10.93 टक्के होतं, अलास्कात 24.66 टक्के.

कॅनडानं हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं धरला. 2011 पासून तिथे उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांत अनुदान कुटुंबाला न देता मालाला देतात, किलोमागे इतके, आणि दुकानदारानं भाव तेवढा उतरवायचा असतो. गावागणिक दर बदलता येतो, ही मोठी सोय. पण दुकान एकच असेल तर उतरवलेला भाव मुळात किती होता, हे विचारणार कोण? मला विचाराल तर पैसा कुटुंबाच्या हातात जावा, फक्त गुणक गावाच्या जवळून मोजलेला असावा.

आणि फळीवर माल नसेल तर? किंमत मोजणारी कोणतीही पद्धत फळीवरच्या चिठ्ठीपाशी थांबते. धुक्यामुळे चार दिवस विमान आलं नाही, तर दुधाचा भाव कितीही असो, दूध नाही. आलेली भाजी उतरवेपर्यंत गोठली तर निम्मी टाकायची, म्हणजे खाल्लेल्या भाजीचा खरा भाव दुप्पट. हे टोपलीत येत नाही.

म्हणून गळ आणि हार्पून. अलास्काच्या ग्रामीण भागात माणशी वर्षाला सव्वाशे किलोच्या घरात अन्न शिकार, मासेमारी आणि रानातल्या फळांतून येतं. सूत्र इथे समंजस आहे: पैशाच्या रूपात न आलेलं उत्पन्न धरायचं नाही, असा नियम आहे. घरी आणलेल्या सामन माशाचे डॉलर करून कार्डातून कापत नाहीत. जाळं कार्डावर घेता येतं. नदीवर जायला होडी लागते, होडीला पेट्रोल लागतं आणि ते पेट्रोलही त्याच विमानानं किंवा जहाजानं आलेलं असतं. ते कार्डावर मिळत नाही; नियमात ती वाहतूक आहे.