स्वप्नातील लांडगा

स्वप्नात लांडगा दिसला की चोर किंवा वैरी येणार, असा अर्थ अनेक प्राचीन परंपरांनी लावला आहे. मेंढ्यांवर पोट असलेल्या समाजांत तो साहजिकच. ऋग्वेदातील एका वरुणसूक्ताच्या (२.२८) दहाव्या ऋचेत स्वप्नातले भय, चोर आणि वृक म्हणजे लांडगा, या साऱ्यांपासून एका दमात रक्षण मागितले आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक स्वप्नज्ञ आर्टेमिडोरस याच्या मते लांडगा म्हणजे उघड चालून येणारा लुटारू, तर कोल्हा म्हणजे लपूनछपून वार करणारा. बसऱ्याच्या इब्न सीरीन यांच्या नावावर चालत आलेल्या अरबी ग्रंथांत लांडगा जुलमी चोर ठरतो, पण कधी खोटा आळही सुचवतो. कुराणातील यूसुफला भावांनी विहिरीत टाकले आणि नाव लांडग्याचे घेतले, हा त्याचा आधार.

तुर्की परंपरा मात्र एवढी सरळ नाही. तिथे लांडगा कुळाचा पूर्वज आहे. ‘देदे कोर्कुत’ या ओघुझ वीरकथांमध्ये शिकारीला गेलेला सालुर कझान स्वप्न पाहतो : पिसाळलेले लांडगे त्याचे घर फाडत आहेत. तो एकटाच घोडा पिटाळत परततो. तळ लुटलेला, आई, बायको, मुलगा शत्रूच्या कैदेत. वाटेत त्याला खराखुरा लांडगा भेटतो, तेव्हा कझान त्याला हाकलत नाही. ‘लांडग्याचे तोंड शुभ असते’ असे म्हणून तो त्यालाच घरच्यांची खबर विचारतो. स्वप्नातला लांडगा शत्रू आणि जागेपणीचा आप्त, हे दोन्ही एकाच कथेत नांदते. एका प्राण्याला एकच अर्थ चिकटवणाऱ्या स्वप्नकोशांत ही खोली येत नाही.

आधुनिक काळातले सर्वांत गाजलेले लांडगे सर्गेई पांकेयेव या रशियन जमीनदारपुत्राच्या स्वप्नातले. चारेक वर्षांचा असताना, नाताळच्या सुमारास, त्याने पाहिले : खिडकी आपोआप उघडली, बाहेर अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे बसलेले. शेपट्या कोल्ह्यासारख्या झुपकेदार, कान टवकारलेले. हल्ला नाही, गुरगुरणे नाही; नुसते त्याच्याकडे टक लावून पाहणे. पोर किंचाळत उठले. मनी वसे ते स्वप्नी दिसे, या न्यायाने आजोबांची गोष्ट आणि चित्रांच्या पुस्तकातला लांडगा त्यात होतेच. पुढे त्याच्यावर उपचार करणारे मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात त्यांमागे आईवडिलांच्या समागमाचे बालपणी पाहिलेले दृश्य शोधले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पांकेयेवने त्यांना स्वप्नाचे चित्रही काढून दिले होते. त्यात झाड निष्पर्ण आहे आणि लांडगे पाचच आहेत.