नादारी व दिवाळखोरी (भारतीय कायदा)

कर्जे फेडू न शकणाऱ्या व्यक्तीची किंवा व्यवसायाची मालमत्ता ताब्यात घेऊन ती सर्व धनकोंमध्ये (कर्ज देणाऱ्यांमध्ये) ठरलेल्या क्रमाने वाटणारी आणि प्रामाणिक ऋणकोला (कर्जदाराला) उरलेल्या देण्यातून मोकळे करणारी कायदेशीर व्यवस्था. भारतात ती एकसंध नाही. कंपन्या, मर्यादित दायित्व भागीदारी संस्था आणि कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली येतात. नोकरदार, एकल मालकीचा दुकानदार आणि साधी भागीदारी पेढी यांच्याविषयीच्या संहितेतील तरतुदी मात्र संहिता मंजूर झाल्यावरही अधिसूचित न होता, म्हणजे सरकारने लागू न करता, पडून राहिल्या. त्यामुळे त्यांचे अर्ज मुंबई, कोलकाता व चेन्नई शहरांत १९०९ च्या प्रेसिडेन्सी-टाउन्स नादारी अधिनियमाखाली आणि इतरत्र १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली चालत आले.

या कायद्याचा आरंभ कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो १८०० च्या ब्रिटिश अधिनियमातील २३ व २४ या कलमांपर्यंत मागे नेतात. त्यांनी कोलकाता व मद्रास येथील न्यायालयांना आणि मुंबईच्या रेकॉर्डर कोर्टाला (तेथील तत्कालीन ब्रिटिश न्यायालय) नादारीविषयक अधिकार दिले. मात्र नादारीसाठी स्वतंत्र न्यायालये आली ती १८२८ च्या अधिनियमाने. म्हणून तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल न करण्याची मर्यादा, हेही नादारीचे पूर्वरूप असल्याचे सांगितले जाते. त्या नियमात धनकोंमध्ये प्रमाणशीर वाटप नाही आणि ऋणमुक्तीही नाही, तेव्हा हे मत ताणलेले वाटते. दख्खनची कथा वेगळी आहे. १८७५ मधील सावकारविरोधी दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य अधिनियम झाला. त्यात शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण होते. मुंबई, कोलकाता व मद्रास या शहरांबाहेरील सर्वसाधारण कायदा त्यानंतर १९०७ मध्ये आला व १९२० मध्ये नव्याने झाला.

१९२० च्या अधिनियमाखाली देणे किमान ५०० रुपये असेल, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यावरून (न्यायालयाच्या वसुलीच्या निकालावरून) अटक वा जप्ती झाली असेल, तर ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम, मालमत्तेचा तपशील, पूर्वीच्या अर्जांची माहिती आणि जप्तीयोग्य मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी लिहावी लागते. नादार ठरवणारा आदेश झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे ती सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडे, जाते (मुंबई शहरात ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याकडे) आणि आदेशाचा परिणाम अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरला जातो. धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. तारण असलेली बँक याला अपवाद आहे. गहाण घर ती विकू शकते.

व्यवहारात प्रकरणे बिघडतात ती मुख्यतः दोन ठिकाणी. अटकेपासून संरक्षण आपोआप मिळत नाही. कलम ३१ खाली त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दुसरे म्हणजे ऋणमुक्तीचा अर्ज आदेशात दिलेल्या मुदतीत न केल्यास नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा दारात उभे राहतात. ऋणमुक्ती होईपर्यंत नव्याने मिळालेली मालमत्ताही, वारशाने आलेली धरून, रिसीव्हरकडे जाते. मालमत्ता बिनतारणी देण्याच्या रुपयामागे ५० पैसे इतकीही भरत नसेल आणि त्यास आपण जबाबदार नाही हे ऋणको दाखवू शकला नाही, किंवा मागील ३ वर्षांच्या हिशेबवह्याच नसतील, तर बिनशर्त ऋणमुक्ती नाकारली जाते. छोट्या दुकानदारांना ही दुसरी अट विशेष जड जाते.

अर्जाआधीच्या २ वर्षांत मोबदल्याविना नातेवाइकांच्या नावे केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते. तसेच ३ महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकते माप देऊन केलेली फेडही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व बी-बियाणे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्तीतून सुटतात.

एकल मालकीत धंदा आणि घर असा भेद कायदा करत नाही. भागीदारीत, नादार ठरलेला भागीदार आदेशाच्या तारखेपासून भागीदार राहत नाही आणि करारात वेगळे ठरले नसेल तर पेढीही विसर्जित होते. त्याच्या ऋणमुक्तीने इतर भागीदार व जामीनदार मात्र सुटत नाहीत.

कंपनीच्या बाबतीत थकबाकी किमान १ कोटी रुपये लागते (मार्च २०२० पूर्वी १ लाख). माल पुरवणाऱ्याने आधी मागणी नोटीस देऊन १० दिवस थांबायचे असते. देण्याबद्दल आधीपासून वाद असल्यास त्याचा अर्ज फेटाळला जातो. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात, वसुलीला स्थगिती मिळते आणि १८० दिवसांत, वाढीव ९० धरून व न्यायालयीन विलंबासह साधारणतः ३३० दिवसांत, तोडगा निघणे अपेक्षित असते. त्याला धनको समितीची ६६ टक्के मते लागतात, अन्यथा परिसमापन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी बंद करणे. वाटपात प्रक्रियेचा खर्च प्रथम येतो. मग कामगारांचे २४ महिन्यांचे देणे आणि तारण सोडून देणारे धनको एकाच पायरीवर येतात. भागधारक अगदी शेवटी.

कंपनीचे दायित्व मर्यादित असले तरी बँका प्रवर्तकांकडून (कंपनी उभी करणाऱ्यांकडून) सहसा वैयक्तिक हमी घेतात आणि ती मर्यादा तेथेच फोल ठरते. कंपनीला मिळालेली स्थगिती हमीदाराला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. तोडगा मंजूर झाल्याने हमीदार आपोआप सुटत नाही, असे २०२१ मध्ये. धनादेश न वटल्याच्या खटल्यातही स्थगितीचे संरक्षण कंपनीला मिळते, संचालकांना नाही. हमीदारांविरुद्धची वेगळी कार्यवाही १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे.

ऋणमुक्त न झालेली नादार व्यक्ती संसद वा विधिमंडळाची सदस्य किंवा कंपनीची संचालक होऊ शकत नाही. आपली स्थिती न सांगता ५० रुपये वा अधिक उधार घेणे हा १९२० च्या अधिनियमाखाली ६ महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे; आकडा त्या काळचा, आणि आज किराण्याच्या एका उधारीतही तो ओलांडला जातो.