राखणदार (कोकण)

घर, बाग, पाणवठा किंवा सबंध गाव सांभाळणारी अदृश्य शक्ती. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात ही श्रद्धा घट्ट रुजलेली आहे. काही ठिकाणी राखणदारालाच देवचार म्हणतात. त्याला बहुधा मूर्ती नसते. झाडाच्या मुळाशी एखादा पाषाण, तर कधी नुसती ठरलेली जागा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन तो रात्री हद्दीत फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोबत करतो, अशी समजूत आहे. चकवा, गिरा, हडळ या भुतांना लोक भितात. राखणदाराचा धाक असतो, पण आधारही वाटतो.

कुलदेवता कुळाची, राखणदार जागेचा. जमीन विकली तरी तो तिथेच राहतो आणि त्याचा मान नव्या मालकाकडे येतो. वर्षातून एकदा त्याला 'राखण' देतात : नारळ, विडा, बऱ्याच ठिकाणी कोंबडा, कुठे दारू-विडीही. आधी जाणता माणूस गाऱ्हाणे घालतो. 'काय चुकला-माकला आसला तर पदरात घे, लेकरांक सांभाळ' असे मागणे होते आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. कोंबड्याचा रस्सा-भात तिथेच शिजतो, तिथेच वाटून खातात. वाटण्यांवरून अबोला धरलेले भाऊबंदही त्या पंक्तीला बसतात. या प्रथेचे खरे बळ इथे आहे. मुंबईचे चाकरमानी येता आले नाही तर आपला वाटा पाठवून देतात.

वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. रात्रभर गावाची गस्त घालून त्या झिजतात, असे भाविक मानतात.

मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण याच भावविश्वातली. काही वर्षांच्या अंतराने, देव रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची अनुमती घेऊन, सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. त्या काळात गाव देवाचा आणि भुताखेतांचा. परतायचे तेही कौल झाल्यावरच.

भूत लागल्याचे सांगून माणसाला मारहाण करणे, ही मात्र निव्वळ क्रूरता. तिला राखणेच्या पंगतीत बसवता येणार नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तो गुन्हा आहे.