'आई' जपानला गेली नाही

जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, म्हणून तो शब्द आपल्या मराठीतूनच तिकडे गेला, हा फॉरवर्ड आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी येतोच आणि वाचून बरं वाटतं, मलाही वाटलेलं. पण जपानी 'आइ' चिनीतून आलाय, चिनीत आजही प्रेमाला 'आइ'च म्हणतात. तुर्कीत 'आय' म्हणजे चंद्र, व्हिएतनामीत 'आइ' म्हणजे 'कोण'. दोन अक्षरांचे शब्द असे सहज जुळतात ओ.

खरं नातं बघायचं तर आकडे लावून बघा. आपलं दोन-तीन, हिंदीत दो-तीन, गुजरातीत बे-त्रण, लॅटिनमध्ये दुओ-त्रेस. जपानीत नी-सान! अक्का, अण्णा मात्र आपल्याकडं खरंच कन्नडमधून आलेत.