स्टार्टरचे पॉइंट, स्नबर आणि मोबाईल ऑटो : थोडी पार्श्वभूमी

मोबाईल ऑटोत (पंपाची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या डब्बीत) स्नबर, म्हणजे ठिणगी कमी करणारा भाग, टाकायचा की नाही, आणि टाकला तं पॉइंटवर की कॉइलवर, यावरून आपल्या इकडच्या मिस्त्री लोकांत सध्या जी हुज्जत चालू आहे ती काही आजची नाही. स्टार्टरचं थोडक्यात सांगतो: तो मोटर चालू-बंद करतो, त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाईट आहे तोवर पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे धातूचे तुकडे) धरून ठेवते, लाईट गेली की सोडते.

कॉइलचा करंट तोडला की ठिणगी पडते हे १८३२ मध्येच अमेरिकेतल्या एका मास्तरानं लिहून ठेवलं होतं, पुढं रिलेसारखं (छोट्या करंटनं दुसरा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचसारखं) यंत्रही त्यानंच केलं. चालू पाइपलाइनचा वॉल एकदम बंद केला की पाइप दणकतो, तसाच करंट अडवला की कॉइल व्होल्टेज फेकते, १२ व्होल्टची कॉइलसुद्धा शेकड्यात फेकते. त्यावर पहिला चांगला इलाज फ्रान्समध्ये १८५३ ला निघाला, ठिणगी पडते तिथंच समांतर एक कंडेन्सर, म्हणजेच चार्ज साठवणारा कपॅसिटर. जुन्या राजदूत-लुनाचे पॉइंट ज्यांनी घासले त्यांना हा कंडेन्सर ओळखीचा आहे, तो गेला की पॉइंट काळेनिळे पडायचे अन् गाडी किक मारून मारून चालू होत नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो रिले दिवसरात्र खटखट करायचे, तिथं कंडेन्सरला सिरीजमध्ये रेझिस्टन्स जोडायची पद्धत पक्की झाली, कारण नुसता कंडेन्सर लावला तं पॉइंट बंद होताना त्याचा साठलेला चार्ज एकदम पॉइंटमधूनच निघतो अन् पॉइंट चिकटतात. यालाच आज स्नबर म्हणतात. चांदीच्या पॉइंटचं गणित असं की साधारण १२ व्होल्ट आणि ०.४ अँपच्या वर गेलं की ठिणगीचा जाळ टिकून राहू शकतो. पंपाच्या कामात आपण याच्या किती वर आहो ते सांगायला नको.

आपल्याकडं पंपाला आधी तेलाचे स्टार्टर होते. पॉइंट तेलात बुडलेले, जाळ पडला की तेलातून गॅस निघायचा अन् तोच जाळ थंड करायचा. तेल आटलं, कुणी भरलं नाही, की स्टार्टर गेला. मंग हवेतले कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढून पॉइंट लावणारे मोठे स्विच) आले, त्यांच्यावरच्या काळ्या डब्बीत लोखंडी पट्ट्या असतात, जाळ त्यात शिरून तुकडे तुकडे होतो अन् विझतो. ही युक्ती १९२० च्या दशकातली. आपल्याकडं ती डब्बी फुटली की फेकून देतात आन् उघड्यावर स्टार्टर चालवतात, मंग जाळ एका फेजवरून दुसऱ्या फेजवर जातो तेव्हा म्हणतात कंपनीचा माल खराब. तेच पॉलिश पेपरचं. पॉइंटवरचा काळा थर दिसला की घास, घासून घासून चांदी जाते आणि खालचं तांबं उघडं पडतं, ते तं अजूनच जळतं.

पण खरा घात झाला ऑटो स्विचनं, लाईट आली की मोटर आपोआप चालू करतो त्यानं. शेतीचा फीडर (विजेची लाइन) गावठाणापासून वेगळा झाला, लाईट तासांवर आली, कधी दिवसाची पाळी कधी रात्रीची, अन् रात्री दोन वाजता वावरात कोण जाणार, साप आहे, रानडुक्कर आहे, आता तं वाघही आहे. म्हणून घरोघर ऑटो. लाईट आली रे आली की डीपीवरच्या (एका ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, लाइनच्या टोकाला व्होल्टेज बसतं, कॉइल धरते-सोडते-धरते, कॉन्टॅक्टर फडफडतो. दर फडफडीला तोच सहापट करंट पॉइंटवरून जातो. पॉइंट इथं वितळतात, आणि या ठिकाणी कोणताही स्नबर काही करू शकत नाही. ऑटो काढा आणि मोटरला कपॅसिटर बसवा (हा स्नबरमधला नाही, व्होल्टेज सावरणारा मोठा) असं वीजवाले वर्षानुवर्षं सांगत आहेत. कपॅसिटरचं बरोबर आहे. पण ऑटो काढा हे रात्रीची पाळी देणाऱ्यानंच सांगावं म्हणजे कमाल आहे, त्यापेक्षा प्रत्येक ऑटोत वेगवेगळा टायमर असता तं निम्मी भानगड मिटली असती.

यानंतर मोबाईल ऑटो आले, मिस कॉल दिला की मोटर चालू. वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागा लांब, बोअर खोल, तिकडं हे चांगलेच चालले. आतमध्ये छोटा चौकोनी रिले, त्यावर छापलेलं असतं १० अँप २५० व्होल्ट. आणि जोडतो कुठं? नो-व्होल्ट कॉइलच्या वायरीत, जी दोन फेजमध्ये आहे, म्हणजे ४१५ व्होल्ट. अँप बघून लोक खूश होतात, व्होल्ट कुणी वाचत नाही. त्यातही चालू करणारा रिले सहसा टिकतो, कारण तो सुटतो तेव्हा कॉन्टॅक्टरचा स्वतःचा होल्डिंग पॉइंट (कॉइल चालू ठेवणारा) लागलेला असतो, तोडायला करंटच उरत नाही. बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट मात्र दरवेळी कॉइल तोडतात, तेच जळतात, नाहीतर चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही.

आता हुज्जतीचा मुद्दा. जुन्या पुस्तकांत स्नबर पॉइंटवरच दाखवलेला आहे, टेलिफोनवाल्यांनी तेच केलं, म्हणून बरेच मिस्त्री ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम बंद करणाऱ्या रिलेच्या पॉइंटवर ठोकतात. टेलिफोनला डीसी होती हो, कंडेन्सर डीसी अडवतो. आपल्याकडं एसी. ०.१ चा कपॅसिटर ४१५ व्होल्टला एकटाच १३ मिलीअँप सोडतो, आणि आजचा छोटा कॉन्टॅक्टर धरून राहायला २०-३० मिलीअँपच खातो. वर कॉइल आणि कपॅसिटर सिरीजमध्ये आले की एकमेकांचा अडथळा कापतात, म्हणजे करंट १३ च्याही वर जातो. रिले उघडला तरी कॉन्टॅक्टर सुटत नाही. मोबाईलवर मेसेज येतो मोटर बंद, तिकडं विहीर आटली तरी मोटर कोरडी फिरून राहिली. जुन्या जाड कॉइलच्या स्टार्टरवर हाच स्नबर चालून जायचा, म्हणून 'मी वीस वर्षांपासून लावतो' म्हणणारा खोटा नाही, पण स्टार्टर बदलला ना बाप्पा. माझ्या मते वाद संपलेला आहे: स्नबर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर समांतर, आणि कपॅसिटर ४४० व्होल्ट एसीचा, पंख्याच्या रेग्युलेटरमधला २७५ वाला काढून लावू नये.

कॉइलवर व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार वाढलं की ते कापणारी गोळी) लावणाराही एक गट आहे. ही गोळी जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी तयार झाली, ७० च्या दशकात बाजारात आली. चांगली गोष्ट आहे, फक्त २७५ ची गोळी ४१५ वर लावली तं धूर काढते, ५१० ची पाहिजे. दर सर्जला (व्होल्टेजच्या उसळीला) ती थोडी थोडी झिजतेही, जूनमधल्या विजांनंतर एकदा पाहून घ्यावी.

आणि डायोड, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. मोबाईल ऑटोच्या कार्डावर १२ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलला उलटा डायोड असतोच, ट्रान्झिस्टर वाचवायला. पण त्यानं रिले हळू सुटतो. एका रिले कंपनीच्या तांत्रिक टिपणात हाच फरक दीड मिलिसेकंदावरून जवळपास दहा असा मोजलेला आहे, आणि पॉइंट हळू उघडला की जाळाला फावतं. डायोडसोबत झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर उलटाही करंट सोडणारा डायोड) टाकला की वेळ दोनच्या आसपास येते. झेनर काही महाग नाही, तरी स्वस्त कार्डात दिसत नाही. बरं, हा डायोड एसी कॉइलवर लावायचा नसतो, अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट.

सोलर पंप आल्यापासून यातलं बरंच उलटं झालं. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, जाळ विझायला तेवढी संधी मिळते, पॅनलच्या डीसीत ती नाही. म्हणूनच त्याच चौकोनी रिलेवर एसीचे २५० आणि डीसीचे फक्त ३० व्होल्ट लिहिलेले असतात. पॅनलची स्ट्रिंग (सिरीजमध्ये जोडलेले पॅनल) शेकडो व्होल्टची असते. तिथं स्नबर न् गोळी शोधत बसू नये, डीसी रेटिंगचा आयसोलेटरच (लाइन तोडणारा स्विच) पाहिजे, आणि तो बंद करायचा तं आधी कंट्रोलर थांबवून. तालुक्याच्या दुकानात मागितला तं अजूनही बरेचदा घरगुती एसीचा एमसीबीच काउंटरवर ठेवतात.